किटलीतला पोटभाडेकरू

"वहिनी, दूध हवं तेवढं उकळ, पण उकळलेलं परत त्याच किटलीत ओतू नकोस," असं धाकट्या नणंदेने फोनवर सांगितलं, तेव्हा सूनबाई फोन कान आणि खांद्याच्या चिमटीत धरून पोरीच्या डायपरचं निरीक्षण करत होती. अशा पवित्र कामात मध्येच कुणी अक्कल शिकवली की तिला राग यायचा.

"उकळण्याचं तू मला सांगू नकोस. या घरात मी पाणी उकळते, बाटल्या उकळते, खुळखुळा उकळते. एकदा थर्मामीटर उकळला होता."

"तो फुटला होता."

"पण निर्जंतुक होऊन फुटला."

नणंद हसली, सूनबाईने डायपर बंद केलं, आणि एक शहाणा सल्ला कचऱ्याच्या डब्यात गेला.

नणंद दुसऱ्या शहरात राहायची आणि तिथल्या प्रयोगशाळेत जंतूंवर संशोधन करायची. त्यामुळे घरात तिचं नावच 'जंतू' पडलं होतं. "काय गं जंतू, आज किती जणांना मारलंस?" असं भावाने विचारलं की ती म्हणायची, "मारत नाही, वाढवते. आईने तुला वाढवलं तसंच. फक्त माझे लवकर मोठे होतात." वयाने लहान, लग्न नाही, पोर नाही, तेव्हा तिने स्वयंपाकघरातलं काही सांगावं आणि सूनबाईने ते मानावं, हे जरा कठीणच होतं. सूनबाई स्वतः अर्थशास्त्रात एम.ए. होती. मूल झाल्यापासून तिने जे काही वाचलं त्यातलं अर्धं भीतीचं होतं आणि उरलेलं त्याहून भीतीचं.

आता किटलीची गोष्ट. सासरे आयुष्यभर प्लंबर. निवृत्त झाले, सासूबाई आधीच गेलेल्या, हातात पाना नाही, मग करायचं काय? सकाळी फिरायला जाऊ लागले आणि फिरता फिरता शहराबाहेरच्या एका गोठ्यापाशी पोचले. तिथे त्यांना धारोष्ण दुधाचा साक्षात्कार झाला. गाईच्या सडातून थेट किटलीत. मध्ये पाइप नाही, टाकी नाही, व्हॉल्व्ह नाही. प्लंबरच्या दृष्टीने ही स्वर्गातली जोडणी. "उकळलं की दूध मरतं," असं ते येता-जाता सांगू लागले. आणि घरात रांगतं पोर, दिसेल ती वस्तू तोंडात घालणारं. सूनबाईने आधी समजावलं, मग चिडून बघितलं, मग एक जेवण अबोल्यात काढलं. सासरे बधले नाहीत.

तेव्हा तिने बिनबोभाट मार्ग काढला. सासरे दूध आणून किटली ओट्यावर ठेवत आणि अंघोळीला जात. त्यांची अंघोळ म्हणजे नळाची तपासणी, शॉवरची चौकशी आणि मग स्वतःला धुणं; भरपूर वेळ. तेवढ्यात ती दूध पातेल्यात ओतायची, दणकून उकळायची, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवायची आणि कोमट झालं की परत किटलीत. बाबा मिशा पुसत यायचे, पेला भरून घ्यायचे आणि म्हणायचे, "याला म्हणतात दूध. बघ गुडघे कसे बोलायचे थांबले." सूनबाई मान डोलवायची. किटली मात्र ती मधल्या वेळात धुवायची नाही. धुतली असती तर आतला तो गोठ्याचा उग्र वास गेला असता, आणि बाबांची सगळी श्रद्धा त्या वासावर उभी होती. पोरीचं दूध वेगळं, पिशवीतलं, वेगळ्या पातेल्यात. ते तर ती इतकं उकळायची की त्याला स्वतःचं नाव आठवू नये.

एवढी जागरूक बाई, पण पहारा सगळा पोरीवर. तिची शी कशी झाली, किती झाली, हिरवट का झाली, याचे फोटो नवऱ्याला जात. नवरा कामानिमित्त सतत फिरतीवर. त्याने एकदा चारचौघांत जेवताना फोन उघडला आणि नंतर विनवणी केली की निदान जेवणाची वेळ सोड.

आणि मग एका दुपारी स्वयंपाकघराच्या नळाला पाणी येईना. गच्चीवरची टाकी सकाळी भरलेली, आणि आता ठणठणीत. घरातला तज्ज्ञ कुठे आहे म्हणून तिने शोधलं, तर तो संडासात. तिने दारावर टकटक केली.

"बाबा, टाकी रिकामी झालीय. कुठेतरी गळती असणार."

 आतून खोल गेलेला आवाज आला. "गळती आहे. पण पाइपाची नाही."

"म्हणजे पोट बिघडलंय? कधीपासून?"

"परवापासून. तुझं काम कर तू."

 तिला पहिला विचार पोरीचा आला, दुसराही पोरीचाच आला. तिसऱ्या खेपेला ती बाबांपाशी पोचली. आता पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. सून आणि सासऱ्यांच्या नात्यात तो कुठेच बसत नव्हता.

"बाबा, रंग कसा आहे?"

"कसला रंग?"

"म्हणजे... जे होतंय त्याचा."

"सूनबाई, मी इथे भिंत रंगवायला बसलेलो नाही."

"बाबा, सांगा ना."

 "लाल," बाबा म्हणाले. "सकाळपासून."

ते बाहेर आले तेव्हा भिंत धरून आले. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. पण हुकूम तयार होता. "माझ्याकडे गोळ्यांची स्ट्रिप आहे, मागच्या तापातली उरलेली. जालीम आहे. रक्त पडतंय म्हणजे जंतू आहेत, जंतू आहेत म्हणजे मारायला हवेत. आण पाणी."

हे तिला पटलं. पटण्यासारखंच होतं. तिने पाण्याचा पेला भरलासुद्धा. आणि भरता भरता, केवळ कुणालातरी सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे म्हणून, नणंदेला फोन लावला.

"थांब," नणंद म्हणाली. तिचा आवाज हसरा नव्हता. "ताप आहे?"

"नाही फारसा. कळा आहेत, आणि रक्त."

"गोळी देऊ नकोस. जुलाब बांधणारी तर अजिबात नको. स्पीकरवर टाक."

बाबा खुर्चीत वाकून बसले होते. "काय गं जंतू, तुझ्या जातवाल्यांना मारू नको म्हणतेस?"

"बाबा, ऐका. तुमच्या भाषेत सांगते. पोटात जो जंतू सगळ्यांच्याच असतो ना, माझ्या, वहिनीच्या, तो सभ्य. गाईच्या पोटात त्याचा एक चुलतभाऊ असतो. दिसायला तसाच, पण त्याच्या घरात एक पोटभाडेकरू घुसलेला असतो."

"कोण?"

"विषाणू. जंतूंनाही विषाणू होतात. हा आत शिरतो आणि स्वतःची जनुकं जंतूच्या जनुकांच्या साखळीत मध्येच जोडून देतो. तुम्ही पाइपाच्या लाइनमध्ये फाट्यासाठी टी-जोड टाकता तसं. आणि गप पडून राहतो. जंतू वाढला, त्याची पोरं झाली, की प्रत्येक पोरात ते जोडकामही जातं. त्यातलं एक जनुक विषाचं. म्हणजे विष जंतूचं म्हणायचं, पण नकाशा भाडेकरूचा."

"मग भाडेकरू झोपलाय तर झोपू दे."

"तेच सांगतेय. त्या जनुकांवर एक प्रथिन झाकण लावून बसलेलं असतं. तुम्ही जालीम गोळी घेतली की जंतूची जनुकं तुटायला लागतात, त्याच्या घरात धोक्याची घंटा वाजते, आणि त्या गडबडीत ते झाकण उडतं. भाडेकरू जागा होतो, स्वतःच्या ढीगभर प्रती काढतो, भरमसाट विष बनवतो आणि बाहेर पडायला घरच फोडतो. जंतू मरतो, बाबा. तुमचा हिशेब बरोबर आहे. पण मरताना सगळी टाकी तुमच्या अंगात मोकळी करून जातो."

बाबांनी थोडा विचार केला. "आणि ते विष जातं कुठे?"

"आतड्यातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात. तिथल्या बारीक नळ्यांच्या अस्तराला धरतं. गाळणी तुंबते."

"बायपास?"

"नाही बाबा. बायपास नाही. वहिनी, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. आणि यांना लघवी होतेय का, ते बघत राहा. लहान पोरं आणि म्हातारी माणसं, दोघांनाच हे जास्त बाधतं."

"म्हातारा कुणाला म्हणतेस?" बाबा म्हणाले, पण जोर नव्हता.

"आणि वहिनी," नणंद स्पीकर बंद करायला लावून म्हणाली, "किटली?"

सूनबाईने ओट्याकडे बघितलं. किटली तिथेच होती. झाकणाच्या कडेला दुधाची पिवळी रेघ.

"उकळलेल्या दुधात दुसरं कुणी उरलेलं नसतं," नणंद हळू आवाजात म्हणाली. "किटलीच्या तळाला चार जण चिकटलेले असतील, तर त्यांना मोकळं घर आणि कोमट जेवण. असो. नंतर बोलू. नीघ तू."

ती निघाली. पोरीला शेजारणीकडे दिलं, हात धुण्याबद्दल तिला एक व्याख्यान दिलं, आणि एका पिशवीत पोरीचं ताजं डायपरही घेतलं, तपासून घ्यायला. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी ती पिशवी बघितली, सूनबाईकडे बघितलं आणि दोन डब्या काढल्या. एक पोरीची, एक बाबांची.

"सुनेसमोर डबी?" बाबा म्हणाले.

"सुनेला बाहेर उभं करा," परिचारिका म्हणाली. ती आडदांड, आवाज वरातीच्या बँडचा. "आजोबा, भरायची नाही काठोकाठ. चमचाभर पुरे. लोकांना वाटतं बक्षीस आहे."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही गोळी घेतलीत घरी?"

"नाही," बाबा म्हणाले.

सलाइन लागलं. पोरीची डबी साफ निघाली आणि सूनबाईला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या शीचा अभिमान वाटला. बाबांच्या डबीत तो चुलतभाऊ सापडला. जनुकाची चाचणी केली तर भाडेकरूही आत हजर. अँटिबायोटिक द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. पाणी द्यायचं, रक्त तपासत राहायचं आणि लघवीची वाट बघायची. एवढं मोठं हॉस्पिटल, एवढी यंत्रं, आणि औषध काय, तर वाट.

बाबांचा सदरा घडी घालताना खिशातून स्ट्रिप निघाली. एक खळगा फुटलेला.

"बाबा, हे काय?"

"ते दातासाठी."

"कुठला दात?"

बाबांनी गाल चाचपला. "मागचा."

"तुमचे मागचे सगळे दात काढलेत बाबा. मीच घेऊन गेले होते."

बाबा छताकडे बघायला लागले. छतावर एक पाइप होता, त्याला पान्याची गरज होती. "घरीच घेतली," ते म्हणाले. "तुला कळायच्या आधी. एकच."

तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मग जिन्यात उभं राहून नणंदेला.  "एका गोळीने होईलच असं नाही," नणंद म्हणाली. "न घेताही होऊ शकतं. खरं सांगू का, आता कुणीच सांगू शकत नाही. तू लघवी बघ."

आणि इथून सूनबाईचे दिवस सुरू झाले, जे कुठल्याही बालसंगोपनाच्या पुस्तकात नव्हते. सुरुवातीला ती आडून विचारायची. "बाबा, जाऊन आलात का?" "कुठे?" "असंच... तिकडे." बाबा म्हणायचे, "आलो की. तिकडे सगळं ठीक आहे." नवऱ्याला फोन केला तर तो अजून दूरच्या कामावर, निघायच्या खटपटीत. "तू विचार ना, तुझे बाबा आहेत," ती म्हणाली. त्याने विचारलं. बाबांनी लेकाला सांगितलं, एकदम फर्स्टक्लास. लेकाने बायकोला कळवलं, एकदम फर्स्टक्लास. पलंगाखालचं लघवीचं मोजपात्र मात्र काही वेगळंच सांगत होतं. आधी गडद चहासारखी, मग तळ झाकण्यापुरती, मग काही नाही.

त्या दिवशी बाबांचा चेहरा सुजला. पावलांवर बोट दाबलं की खड्डा राही. डॉक्टरीणबाई अहवाल बघून म्हणाल्या की रक्तातल्या पेशी फुटतायत, मूत्रपिंडावर ताण आहे, उद्यापर्यंत लघवी वाढली नाही तर डायलिसिसवर घ्यावं लागेल. सूनबाई पलंगाशी जाऊन बसली. लाजबीज कुठेतरी जिन्यात सांडली होती.

"बाबा, लघवी झाली का?"

"नाही."

"खरं?"

"आता तुझ्याशी काय खोटं बोलणार." बाबा हाताच्या सुईकडे बघत होते. "ते यंत्र म्हणजे बाहेरून फिल्टर लावणार ना? मशीन चांगलं असेल. पण एकदा बाहेरून लाइन टाकली की आतली परत कुणी वापरत नाही, हे मी लई घरांत बघितलंय."

"असं काही नसतं. बरेच जण बरे होतात."

"जंतूने सांगितलं?"

"हो."

"मग ठीक." त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं झोपले, आणि तिच्या तोंडून ते बाहेर पडलंच. "बाबा, ते दूध मी रोज उकळायचे. तुम्ही अंघोळीला गेलात की. आणि किटली न धुता परत ओतायचे. ते त्या किटलीतूनच आलं असणार."

बाबांनी एक डोळा उघडला. "उकळायचीस हे मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"पेल्यात सायीचे तुकडे यायचे. धारोष्ण दुधाला साय कुठून येणार? मी प्लंबर आहे, आंधळा नाही. म्हटलं जाऊ दे, पोरीच्या काळजीने करतेय. हिचं समाधान होऊ दे."

सूनबाईने त्यांचा हात धरायला आपला हात पुढे केला. तो पोचायच्या आत बाबा पुढे म्हणाले, "म्हणून मी माझा एक पेला गोठ्यातच पिऊन यायचो."

 "रोज?"

"रोज. मोठा पेला. घरचा तो तुझ्यासाठी."

म्हणजे इतके महिने एक माणूस दुसऱ्याचं मन राखायला मेलेलं दूध पीत होता, आणि दुसरं माणूस पहिल्याला वाचवायला किटलीत जंतूंची खानावळ चालवत होतं. सूनबाईला हसू आलं, आणि ते थांबेना. बाबाही हसायला लागले, पोट धरून, कारण पोट दुखत होतं. आडदांड परिचारिका दारातून म्हणाली, "हसल्याने झाली तर मोजपात्रात करा."

तिने नणंदेला फोन करून सगळं सांगितलं आणि विचारलं, "जनुकं तपासून कळेल ना, माझ्या किटलीतला की त्यांच्या पेल्यातला?"

"नाही कळणार," नणंद म्हणाली. "गाय एकच, जंतू एकच, भाडेकरूही तोच. अक्षरन् अक्षर सारखी निघतील जनुकं. जंतूचं सगळं घराणं काढता येतं वहिनी, पण तो कुठल्या दाराने आत आला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं."

"म्हणजे मला कधीच कळणार नाही."

"किटली उकळत जा. बाबांनाही उकळ जमलं तर."

नवरा संध्याकाळी पोचला, दाढी वाढलेली, हातात फळांची पिशवी, चेहऱ्यावरचं 'फर्स्टक्लास' उडालेलं. त्याने बापाचे सुजलेले पाय बघितले आणि तिथेच खाली बसला. बाबा त्याला म्हणाले, "रडायचं असेल तर बाहेर. इथे पाण्याचा हिशेब चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई यायच्या आधी बाबा म्हणाले, "मला उठव." लेकाने एका बाजूने धरलं, तिने सलाइनचा दांडा ढकलला. बाबा मोजपात्र घेऊन आत गेले. लेक दारात, सून त्याच्या मागे. आत काही नाही. नळ सोडल्याचा आवाज आला. बाबांनी मुद्दाम सोडला असणार, आशा लावायला. मग नळ बंद. मग बराच वेळ शांतता, जिच्यात नवरा-बायको एकमेकांकडे न बघता फरशीकडे बघत होते.

आणि मग आवाज आला. आधी थेंब, थांबून थेंब, मग बारीक धार. धातूवर पडणारी, अडखळणारी, पण धार.

"बाबा?" ती म्हणाली.

"बोलू नकोस," बाबा आतून म्हणाले. "प्रेशर जाईल."

मोजपात्र बाहेर आलं तेव्हा त्यात फार काही नव्हतं, पण कालच्यापेक्षा खूप होतं. परिचारिकेने ते उजेडात धरून एखाद्या सरबतासारखं निरखलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्राचं दुपारपर्यंत थांबून बघू. दुपारी म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत. मग कुणी यंत्राचं नाव काढेना. बाबा त्यानंतरही बरेच दिवस तिथे होते, अशक्त, चिडके, आणि मूत्रपिंडाची तपासणी आता वर्षभर करत राहावी लागणार होती. पूर्ण सुटले असं कुणी म्हटलं नाही. पण रोज सकाळी सूनबाई विचारायची, "लघवी झाली का?" आणि बाबा आकडा सांगायचे, थोडा फुगवून.

आता तुमच्याबद्दल. तुमच्याही घरात कुणीतरी असेल ज्याच्यावर कुणाचा पहारा नसतो. वडील, सासरे, काका, किंवा एकटी राहणारी आत्या, जिला फोन केला की ती आधी तुमचीच खबरबात विचारते. पोट बिघडलं तर ती माणसं सांगत नाहीत. उरलेली गोळी घेतात आणि दार लावून बसतात. हे वाचून झालं की उठा आणि त्यांना विचारा, पोट ठीक आहे का, लघवी नीट होते का. ती चिडतील, विषय बदलतील. चिडू द्या. आणि 'ठीक आहे' असं उत्तर आलं, तर दारापाशीच जरा थांबा.